विंच लागेल का, वहिनी?

४ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे फोडलंत, म्हणजे माझं अर्धं काम झालं. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणता आणि ठेवून देता. तीनदा झालं. चौथ्यांदा मलाच वाटायला लागलं की मी खरोखर राँग नंबर आहे. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी गाडी घेतली. फोर-व्हील ड्राइव्ह, जुनीच, पण इंजिन गुणी आहे. आणि काम बदललं. आता मी मोजणी खात्यात आहे. महिन्यातून एकदा ताटाच्या पलीकडच्या टोकाला जायचं आणि तिथल्या यंत्रातली वाऱ्याची आणि पाण्याच्या पातळीची नोंद काढून आणायची. म्हणजे दादाचंच काम. दादा गेल्यापासून नऊ वर्षांत चार माणसं आली आणि चारही पळाली. ते आटलेलं तळं नावाप्रमाणे ताटासारखं सपाट आणि एवढं मोठं आहे की माणसाला स्वतःचीच भीती वाटते. मी मागून घेतलं ते काम. का, ते विचारू नका.

आता प्रश्न. पुढच्या बंपरवर विंच बसवून घेऊ का? दुकानदार म्हणतो विंच नसलेली असली गाडी म्हणजे नुसती शोभेची. कचेरीतले म्हणतात उगाच नाकावर ओझं. एकाला माल विकायचाय, दुसऱ्यांना फुकट सल्ला द्यायचाय. माझ्या ओळखीत स्वतःच्या हाताने विंच बसवणारं आणि खोटं न बोलणारं माणूस एकच आहे. तुम्ही सांगाल ते करीन.

आत्याला हे वाचून दाखवा. तिचे डोळे कसे आहेत आता?

तुमचा,
भाऊजी

११ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं. तुमच्या आत्याचे डोळे आता उजेड आणि अंधार एवढंच ओळखतात, पण तुमचं नाव काढलं की चेहरा खुलतो. मुलगा गेल्यावर भावाचा मुलगा तरी आहे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तुम्ही वेळेवर जेवता का, ते विचारायला सांगितलंय.

विंचचं विचारलंत. मी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारल्याशिवाय पाना हातात घेत नाही. तुम्हालाही तेच विचारते. जाणार कुठे? बरोबर कोण? आणि हुक अडकवणार कशाला?

तिसरा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात. विंच म्हणजे मोटरवर गुंडाळलेला तारेचा दोर. गाडी रुतली की दोराचं दुसरं टोक समोर कशाला तरी बांधायचं आणि बटण दाबायचं, म्हणजे गाडी स्वतःलाच ओढून घेते. पण समोर काहीतरी असावं लागतं. हवेला हुक अडकत नाही.

यापुढे गाडीबद्दल लिहायचं ते वर्कशॉपच्या पत्त्यावर लिहा. घरचं काही असेल ते घरी.

वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

उत्तर आलं! पाकीट दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. कचेरीतल्या टायपिस्टने विचारलं, लग्नाचं बोलणं चालू आहे का. या वयात!

तुमचे तीन प्रश्न. कुठे: ताटावरून सरळ, गाड्यांच्या जुन्या चाकोरीतून, लाल पिंपापर्यंत अकरा किलोमीटर आणि तिथून पुढे यंत्रापर्यंत आणखी नऊ. बरोबर कोण: कुणी नाही. खात्याकडे दुसरी गाडी नाही. हुक कशाला: तिथे झाड नाही, खडक नाही, खांब नाही. लाल पिंप तेवढं आहे, पण ते रिकामं, खुणेपुरतं. लाथ मारली तर लोळेल.

लिहिताना हात जरा थांबला. तुम्हीही वाचताना थांबला असाल. दादा जिथे सापडला ती जागा पिंपाच्या पुढे आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्या दिवशी माझी गाडी तापली नसती, रेडिएटरने दगा दिला नसता, तर मी त्याच्या मागेच होतो. मी हे मनात रोज म्हणतो. आज पहिल्यांदा तुम्हाला लिहिलं.

पुढची फेरी बारा मार्चला आहे. तर सांगा, विंच लागेल का?

भाऊजी

२२ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

तुमची उत्तरं वाचली. विंच लागणार नाही.

कारणं सांगते. ताटावर वरून कोरडी खपली असते आणि खाली चिखल. विंचचं वजन चाळीस किलोच्या आसपास, तेही सगळं नाकावर. पुढची चाकं आधी खपली फोडतील. म्हणजे जी वस्तू रुतल्यावर बाहेर काढायला घ्यायची, तीच आधी रुतवणार. शिवाय बांधायला काही नाही, हे तुम्हीच लिहिलंत. बॅटरी जुनी असली तर तीही बसेल. तुमच्या दुकानदाराला म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघ.

ताटावर खरी गरज असते ती दुसऱ्या गाडीची. एक रुतली तर दुसरी ओढते. दोन गाड्या आणि एक चांगला दोर, बस. माझी गाडी आहे, दोर आहे, मलाही वर्कशॉपच्या बाहेर पडून बरेच दिवस झालेत. तुम्ही पुढे चला.

मी मागे आहे.

वहिनी

२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र वर्कशॉपमधून लिहितेय आणि तूही उत्तर इथेच पाठव. घरी पाठवलंस तर आईंसमोर वाचावं लागेल. तुला माहीत आहे, हे गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी त्यांच्यापासून दोन दिवस दडवली होती. तेव्हापासून त्यांचा दंडक आहे: घरात आलेलं पत्र दुपारी चार वाजता त्यांच्यासमोर फोडायचं, आधी वाचायचं नाही, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मधलं काही न गाळता वाचायचं. विजेचं बिलसुद्धा मी तसंच वाचते, दंडाच्या नियमांसकट.

मला आज खूप बरं वाटतंय. नऊ वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. भाऊजी माझ्या तावडीत आपल्या पायांनी चालत आलेत.

तुला सगळं कधी सांगितलं नाही. आता सांगते. त्या सकाळी ह्यांच्या गाडीची विंच मी काढली. चार बोल्ट, माझ्या हाताने. एका गिऱ्हाइकाला घाई होती, नवीन माल आला नव्हता, आणि हे म्हणाले, दोन गाड्या जाणार आहेत, भाऊ मागे आहे, काढ. मी काढली. मग हे पिंपाच्या पुढे रुतले आणि मागे कुणीच नव्हतं. दीड दिवस एकट्याने फावडं मारलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. सापडले तेव्हा फावडं हातातच होतं. ते गिऱ्हाईक विंच परत देऊन गेलं, त्याला ती नकोशी झाली. नऊ वर्षं ती बाकाखाली गोणपाटात पडून आहे.

भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, माझी गाडी तापली, रेडिएटर फुटायची वेळ आली, म्हणून परत फिरलो. लोकांनी हळहळ केली. आईंनी त्यांनाच जवळ घेतलं. महिन्याभराने त्यांनी तीच गाडी ब्रेकसाठी माझ्याकडे लावली. मी बॉनेट उघडलं. पाणी काठोकाठ, जुनं, गंज धरलेलं. झाकणाभोवती उतू गेल्याचा एक डाग नाही. पाइपाच्या क्लिपवर दोन वर्षांची धूळ, कुणी स्क्रू ड्रायव्हर लावलेला नाही. ती गाडी त्या दिवशी तापली असेल, तर मी हा धंदा सोडून पापड लाटीन. तापली नव्हती, ताई. तो माणूस नुसता परत आला.

मी मूग गिळून बसले. कुणाला सांगणार? आईंना? त्यांच्याकडे तेवढाच एक पुतळा उरला होता, तो मी कसा फोडू?

पण आता ठरलंय. बारा मार्चला मी त्यांच्या मागे जाणार. पिंपापर्यंत. तिथून मी गाडी वळवून घरी येणार. पिंपापुढे तीन किलोमीटरवर मार्चमध्ये जमीन खालून ओली होते, तिथे ते रुतणार म्हणजे रुतणारच. विंच नाही. ती लागणार नाही असं मीच सांगितलंय, आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. ते आरशात बघतील आणि मागे कुणी नसेल. मला ते हवंय. पुढे काय व्हायचं ते होऊ दे.

तुझी,
धाकटी

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मी ड्युटीवर वाचलं आणि एका पेशंटला दोनदा थर्मामीटर लावला.

तुझा राग खरा आहे. तो माणूस माझ्यासमोर आला तर मीही त्याला सोडणार नाही. पण ‘पुढे काय व्हायचं ते होऊ दे’ हे वाक्य मी वॉर्डात खूप ऐकलंय आणि ते बोलणाऱ्याला पुढे काय होणार ते बरोबर माहीत असतं. तुलाही माहीत आहे. तेव्हा माझ्याशी तरी शब्द फिरवू नकोस. तू एका माणसाला मरायला सोडून येणार आहेस.

त्याच्या तोंडावर जा आणि म्हण, रेडिएटर मी उघडला होता. तेवढं म्हणायला तुला नऊ वर्षं जमलं नाही आणि माणूस मारायला जमणार?

दुसरं. तू रागात असलीस की तुझ्या हातून काम बिघडतं. लहानपणी माझ्यावर चिडून तू माझ्या सायकलचं चाक काढायला गेलीस आणि स्वतःच्याच सायकलचं काढलंस. मग शाळेला निघताना तोंडावर पडलीस. तुटलेला दात अजून तसाच आहे.

जाऊ नकोस. आणि माझं ऐकणार नसशीलच, तर प्यायचं पाणी जास्त घे.

ताई

१ मार्च

वहिनींना नमस्कार.

‘मी मागे आहे’ एवढंच वाचलं आणि उठून बाहेर गेलो. डोळे पुसून परत आलो. नऊ वर्षांनी माझ्या घराण्यातलं कुणी मला असं म्हणालं. तुम्ही मला माफ केलंत, असं मी समजू का? उत्तर देऊ नका. तुम्ही येताय, यातच सगळं आलं.

बारा मार्च, सकाळी सहा, ताटाच्या काठावर. दोर मीही आणतो. एक तुटला तर दुसरा असावा.

भाऊजी

१४ मार्च

ताई,

मी जिवंत आहे आणि माझी चेष्टा करू नकोस.

सकाळी सहाला निघालो. ते पुढे, मी शंभर मीटर मागे. ऊन वर आल्यावर ताट एवढं पांढरं झालं की त्यांची गाडी हवेत तरंगताना दिसायला लागली. दर थोड्या वेळाने ब्रेकचा दिवा लागायचा. आरशात बघत होते. मी हेडलाइट मारून खूण करायची, म्हणजे आहे मागे. दहा-बारा वेळा तरी मारला असेल. प्रत्येक वेळी मनात म्हटलं, अजून थोडं थांबा.

लाल पिंप आलं. मी थांबले. ते पुढे गेले, लहान होत गेले. मग मी गाडी वळवली.

ताटावर जुन्या चाकोरीतूनच चालायचं असतं. दबून दबून तेवढाच पट्टा घट्ट झालेला असतो. मागे यायचं तर रिव्हर्समध्ये यायचं, मान मोडली तरी. गोल वळायला गेलं की चाकं चाकोरीबाहेर जातात. हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला बजावते. आणि त्या क्षणी मला इतकी घाई झाली होती, त्या माणसाला पाठ दाखवायची एवढी घाई, की मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गोल वळले. गाडीचं तोंड घराकडे झालं आणि चारी चाकं एक्सलपर्यंत आत गेली.

माझ्या गाडीला विंच आहे. चार टन ओढते. समोर अकरा किलोमीटर काही नव्हतं. तरी मी घाबरले नाही. झाड नसेल तर स्पेअर चाक खड्ड्यात पुरायचं आणि दोर त्याला बांधायचा, हा उपाय मी गिऱ्हाइकांना शिकवते. नऊ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय, की ह्यांच्या गाडीला विंच असती तर चाक पुरून निघाले असते, मी ती काढली म्हणून गेले. तासभर खणलं. चाक पुरलं. बटण दाबलं. चाक चिखलातून बाटलीच्या बुचासारखं बाहेर आलं. पुन्हा खोल पुरलं. पुन्हा बाहेर. खाली घट्ट असं काही नाहीच तिथे.

मग मी बंपरवर बसले आणि मोठ्याने रडले. भीतीने नाही. विंच असती तरी हे गेलेच असते. माझे चार बोल्ट नव्हते, ताई. नव्हतेच. एकच गोष्ट लागत होती, दुसरी गाडी. आणि दुसरी गाडी घरी गेली होती. त्या दिवसापर्यंत मी अर्धा राग स्वतःवर खर्च करत होते. आता सगळा एका माणसावर आला.

तेवढ्यात तो माणूस दिसला. गाडीची पाठ दिसत होती आणि ती मोठी होत होती. रिव्हर्समध्ये येत होते. दोन किलोमीटर, चाकोरी न सोडता, पायी चालायच्या वेगाने. माझ्या बाजूने तसेच मागे गेले, वीस मीटरवर थांबले. आता त्यांच्या गाडीचं तोंड माझ्या तोंडासमोर. खाली उतरले, माझ्या विंचचा हुक ओढत नेला, आपल्या गाडीला लावला, परत जाऊन ब्रेकवर पाय ठेवून बसले. दोन काचांच्या पलीकडून माझ्याकडे बघत होते. मी बटण दाबलं. गाडी निघाली.

ते हुक सोडवायला उतरले. माझ्या गाडीभोवती एकदा फिरले आणि चाकांच्या खुणा बघितल्या. मग आपल्या कामाला पुढे गेले. मी चाकोरी धरून घरी आले. खणून खणून पाठ अजून धरलेली आहे.

त्यांनी मला काढलं, याचा मला इतका राग आलाय की जेवण जात नाही. मला ओढलं ते माझ्या विंचने, ते नुसते खुंटा होते, असं मी स्वतःला दिवसभर समजावतेय. पटत नाही.

धाकटी

१५ मार्च

वहिनींना नमस्कार.

हे पत्र गाडीबद्दल नाही, म्हणून घरी पाठवतोय.

तुमची गाडी कुठल्या बाजूला तोंड करून रुतली होती, ते मी बघितलं. खुणा स्वच्छ होत्या. पिंपाशी थांबलात, मग वळलात. मला राग आला नाही. बारा तारखेला मी आरशात बघितलं आणि मागे पांढरं सोडून काही नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते कसं दिसतं. दादाने ते बघितलं होतं. मी तुमच्यासाठी मागे आलो नाही, वहिनी. खरं सांगतो, मी भीतीने मागे आलो. मग तुम्ही दिसलात.

तुम्ही कुणाला सांगू नका, मीही सांगणार नाही. पण तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते कळलं, तेव्हा आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. रेडिएटरला काही झालं नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही बोल्ट काढत होता. वर्कशॉपमध्ये चार-पाच माणसं होती. मी विचारलं, विंच काढताय, मग दादा रुतला तर? दादा म्हणाला, “विंच कशाला? हा आहे ना माझा दोर. विंचपेक्षा स्वस्त, दोन वेळा खायला घातलं की झालं.” सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्हाला आठवणार नाही. मी तेव्हा आत्याच्याच घरी जेवत होतो, मला नोकरी नव्हती. मीही हसलो.

पिंपापर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. मग मी थांबलो आणि मागे घेतलं. काठापर्यंत अकरा किलोमीटर रिव्हर्समध्ये, त्याची गाडी लहान होताना बघत. वाटलं, तासभर बसू दे चिखलात, मग येऊ, मग मी हसेन. काठावर बसलो. मग वाटलं, संध्याकाळी चिखलाने माखून येईल तेव्हा हसू. तो आला नाही. वाटलं, पलीकडून दुसऱ्या वाटेने गेला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. एवढंच आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, मी नऊ वर्षं शोधतोय.

ते काम मी मागून घेतलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

हात जोडून एक मागतो. आत्याला हे वाचून दाखवू नका.

भाऊजी

२२ मार्च

भाऊजी,

तुमची शेवटची ओळ पत्राच्या शेवटी होती.

ती वरती लिहायला हवी होती. आमच्या घरात आलेलं पत्र चार वाजता आईंसमोर फोडतात, आधी वाचत नाहीत, मधलं गाळत नाहीत. हा नियम तुम्हाला माहीत नाही, पण तुम्ही जे केलंत त्यातूनच तो आला. मी फोडलं आणि वाचायला लागले. ‘तुमची गाडी कुठल्या बाजूला तोंड करून रुतली होती’ इथे आले तेव्हा कळलं की आता माझी अब्रू जाणार. आईंना दिसत नाही. मी तिथून पुढे हवामान आणि तब्येत असलं काहीही रचून वाचू शकले असते. पण पुढे तुमचं काहीतरी येतंय, हे मला दिसलं. तुमचं ऐकवायचं म्हणून मी माझंही वाचलं. सगळं. ‘वाचून दाखवू नका’सकट.

सूड हा शब्द तुम्ही वापरला नाहीत, मी वापरते. माझा सूड तो होता आणि तो मी घेतला. 

आईंनी कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाल्या, “म्हणजे तो दीड दिवस मागे बघत होता.” आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि तूही वळलीस.” मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं जेवतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच बोलल्या. रविवारी त्याला बोलाव, माझ्यासमोर बसून त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, कागदावरचं मला नको.

आता माझं ऐका. रेडिएटर मी नऊ वर्षांपूर्वीच उघडला होता. काठोकाठ होता. आईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडताना तुम्ही मला जेवढ्या वेळा बघितलंत, तेवढ्या वेळा मला ते माहीत होतं.

तुम्ही लिहिलंत तो विनोद मला आठवतो. मी हसले होते. ह्यांची जीभ तशीच होती आणि मला ती आवडायची. त्याबद्दल तुम्ही मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ह्यांना दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी मधे पडले नसते. पण तुम्ही हसलात आणि मग रिव्हर्स टाकलात.

तुम्ही मला काढलंत, ते मी विसरणार नाही. त्यामुळे तुमचं काही कमी होत नाही. तुम्हाला रिव्हर्समध्ये दोन किलोमीटर येता येतं, हे मला आता माहीत झालं. त्या दिवशी तर नुसतं सरळ पुढे जायचं होतं. म्हणून उलट जास्तच झालं.

आता तुमचा प्रश्न, ज्याच्यासाठी हा सगळा पत्रव्यवहार चालू झाला. विंच लागेल का?

बाकाखाली गोणपाटात एक आहे. ह्यांची. मी ती बाहेर काढली, मोटर उघडली, गंज घासला, नवीन तार गुंडाळली. चालते. ताटावर तिचा उपयोग नाही, हे मी चिखलात बसून तपासून आलेय. ती ह्यांना वाचवू शकली नसती. तुम्ही वाचवू शकला असता. तुमच्या गाडीला तिची गरज नाही, पण मी ती बसवणार आहे. चार बोल्ट, ज्या हाताने काढले त्याच हाताने, आणि डोकी वेल्डिंग करून टाकणार, म्हणजे कुठल्याही पान्याने निघणार नाहीत. महिन्यातून एकदा तुम्ही ताटावरून जाल तेव्हा काचेतून समोर तीच दिसेल, जाताना आणि येताना. चाळीस किलो आहे. तेवढं तुम्ही न्याल.

कामाच्या दिवशी काठावरून निघताना मला निरोप पाठवत जा. सूर्य मावळायच्या आत परत आला नाहीत तर मी दोर घेऊन येईन. माफी म्हणून नाही. तुम्ही तिकडे मेलात तर ती विंच बघणार कोण?

रविवारी सकाळी दहा वाजता या. आधी आईंसमोर बसाल, मग गाडी आत घेईन. घरापर्यंत एकटेच या, मागे कुणी नसेल.

वहिनी